सबनीस सरांचा बंदुकीचा फॉर्म

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या लीड्सच्या घरी तीसेक बायका जमल्या होत्या आणि सबनीस सर दोन मेलेले फेझंट पक्षी घेऊन दारात उभे राहिले.

खरं म्हणजे ते आपल्या बायकोला, सुनंदाताईंना, सोडायला आले होते. ताई उतरून आत आल्या, सगळ्यांना तिळगूळ देऊन झाला, आणि पाच मिनिटांनी परत बेल वाजली. दारात सर. डोक्यावर माकडटोपी, तिच्यावर इंग्रज शेतकरी घालतात तसली चपटी कॅप, अंगात मेणाचा वास येणारं हिरवं जाकीट, आणि हातात सुतळीने माना बांधलेली पक्ष्यांची जोडी. नर आणि मादी. नराची लांब शेपटी माझ्या रांगोळीवरून फिरत होती.

"वाण आणलंय, सिस्टर," ते म्हणाले. "कालचेच आहेत. चार दिवस गॅरेजमध्ये टांगून ठेवा. घाईने सोलू नका, मांस चिवट लागतं."

माझ्यामागे हॉलमध्ये सगळ्या माना वळल्या. वॉटफर्डहून खास आलेल्या एका जोशीबाईंनी तोंडातला तिळगूळ टिश्यूत काढून ठेवला. सुनंदाताई कोचावरून न उठता, मागे वळूनही न पाहता म्हणाल्या, "अहो, ते गाडीत ठेवा."

"गाडीत हीटर असतो," सर म्हणाले. "वास मारेल."

शेवटी ते पक्षी माझ्या नवऱ्याच्या सायकलच्या हँडलला टांगले गेले आणि चार दिवस तो बसने ऑफिसला गेला. सरांनी ते माझ्याच घरी का आणले, हे मला कळत होतं. मी ऑपरेशन थिएटरमधली नर्स. रक्त बघून किंचाळणार नाही, अशी लीड्सच्या मराठी मंडळात त्यांच्या ओळखीची मी एकटीच बाई होते.

सबनीस सर भूलतज्ज्ञ. नाशिकहून मी इथल्या हॉस्पिटलात आले तेव्हापासून चौदा वर्षं आम्ही एकाच थिएटरमध्ये काम केलं. तिथे सगळे सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, मोठ्यातल्या मोठ्या सर्जनलासुद्धा. सर मात्र मला शेवटपर्यंत सिस्टर म्हणाले आणि मी त्यांना सर. पेशंट टेबलावर आला की ते त्याच्या कानाशी वाकून हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि गप्पा अर्ध्यावर असतानाच तो झोपायचा. नव्या डॉक्टरांना ते एकच गोष्ट शिकवायचे. "झोपवायला कुणालाही येतं. आपल्याला पगार मिळतो तो उठवण्याचा." ऑपरेशन संपल्यावर पेशंट डोळे उघडून काहीतरी मूर्खासारखं बोलेपर्यंत ते जागचे हलत नसत.

निवृत्त झाल्यावर त्यांच्या बरोबरीच्या डॉक्टरांनी पुण्यात फ्लॅट घेतले. सरांनी लीड्सच्या उत्तरेला तासाभराच्या अंतरावर अकरा एकर रान विकत घेतलं. वीज नाही, पाणी नाही, गाडीचा तळ घासेल असा कच्चा रस्ता, आणि मधोमध सार्वजनिक पायवाट, म्हणजे कुणीही कुत्रं घेऊन यावं आणि यांच्या झाडांतून फिरून जावं. कुणाला त्याचा अर्थ लागेना. माझ्या नवऱ्याने विचारलं, तिथे बांधकामाला परवानगी मिळेल का? 

"तिथे झाडं आहेत," ते म्हणाले.

मंडळात त्याला सबनीसांचं जंगल म्हणायचे. सरांना ते खपत नसे. "जंगल नाही. रान. जंगलाला माणूस लागत नाही. रानाला लागतो." आणि लागतो म्हणजे अगदी शब्दशः. एकदा त्यांनी मंडळाला सहलीला बोलावलं. चाळीस माणसं पुरी-भाजीचे डबे घेऊन गेली. सरांनी फाटकापाशीच प्रत्येकाच्या हातात चामडी हातमोजे ठेवले. चार वाजेपर्यंत आम्ही ऱ्होडोडेंड्रॉनची झुडपं मुळासकट उपटत होतो. "फुलं सुंदर असतात, पण त्याच्याखाली दुसरं काही उगवत नाही," ते सांगत होते. "बाहेरून आणलं कुणीतरी बागेत लावायला, आणि बसलं सगळ्यांच्या डोक्यावर."

"म्हणजे आपल्यासारखंच," कुणीतरी घाम पुसत म्हणालं.

सर हसले नाहीत. "आपण टॅक्स भरतो, नॅशनल इन्शुरन्स भरतो," ते म्हणाले.

पुऱ्या गार झाल्या होत्या. त्या सहलीनंतर मंडळ काही परत गेलं नाही. सुनंदाताई तेवढ्या दर शनिवारी जायच्या. त्यांना रान आवडत नव्हतं, चिखल आवडत नव्हता, आणि टॉयलेट नाही हा विषय त्या सात वर्षं काढत होत्या. त्या गाडीतून उतरतच नसत. पुढच्या सीटवर शाल घेऊन बसायच्या, मांडीवर शब्दकोडं, शेजारी चहाचा थर्मास, काच दोन बोटं खाली. सर झाडीतून ओरडून सांगायचे, "अगं, सुतार पक्षी!" आणि गाडीतून आवाज यायचा, "पाच अक्षरी शब्द सांगा, शेवटी 'ळ'." मी एकदा ताईंना विचारलं, मग येता कशाला? "ते करवत चालवतात," त्या म्हणाल्या. "पाय कापून घेतला तर फोन कोण करेल?"

बंदूक आली ती खारींमुळे. इथल्या करड्या खारी कोवळ्या झाडांची साल गोल सोलतात आणि झाड उभ्या उभ्या मरतं. शेजारी टेड नावाचा शेतकरी, मेंढ्यांचा आणि थोड्या गव्हाचा. तो आपली बंदूक घेऊन आला आणि एकाच सकाळी त्याने सात खारी मारल्या. सरांनी त्याला चहा पाजला, आभार मानले, आणि घरी आले. मग म्हणाले, असलं काम दुसऱ्याकडून करून घ्यायचं हे बरोबर नाही.

त्यानंतर फॉर्म, फोटो, जीपीचं, म्हणजे फॅमिली डॉक्टरचं, पत्र, भिंतीत बोल्टने बसवलेलं पोलादी कपाट. पोलिसांचा बंदूक परवान्याचा माणूस घर बघायला आला. सुनंदाताईंनी त्याला चिवडा दिला. कायद्याने बंदुकीच्या कपाटाची किल्ली फक्त परवानाधारकाकडे हवी, घरातल्या दुसऱ्या कुणाला तिची जागा माहीत असता कामा नये. त्याने ताईंना तसं विचारलं. "त्यांचे मोजे कुठे आहेत ते मला माहीत असतं, त्यांना नसतं," ताई म्हणाल्या. "किल्लीचं उलटं आहे." त्याने ते जसंच्या तसं लिहून घेतलं असं सर सांगायचे.

मग हळूहळू टेडने त्यांना गावच्या शिकारीच्या गटात नेलं. पहिले दोन हिवाळे सर नुसते हाकारे होते. हातात काठी, कमरेएवढ्या वाळक्या नेच्यांतून रांगेने चालायचं आणि झुडपांवर काठी आपटून फेझंट उडवायचे. माकडटोपीवर चपटी कॅप ही युक्ती त्यांनी तिथेच शोधली. तिसऱ्या वर्षी त्यांना बंदूक घेऊन रांगेत उभं केलं. नेम चांगला होता, पण ते फार कमी गोळ्या झाडायचे. पक्षी खालून उडाला तर नाही. मागे झाडीत काय आहे ते दिसत नसेल तर नाही. एकदा शेजारच्या तरुणाने पक्ष्यामागे बंदूक फिरवली आणि ती क्षणभर माणसांच्या रांगेवरून गेली. सर चालत त्याच्यापाशी गेले, त्याच्या हातातून बंदूक घेतली, काडतुसं काढून स्वतःच्या खिशात टाकली आणि त्याला घरी जायला सांगितलं. तो ज्याच्या जमिनीवर शिकार चालली होती त्या मालकाचा जावई निघाला. पण तो गेला.

आणखी एक सवय त्या गावात अजून सांगतात. पक्षी पडला की सर त्याच्यापाशी जायचे, मानेवर बोटं ठेवायचे आणि घड्याळ बघून मराठीत वेळ म्हणायचे. "दहा वाजून चाळीस." मृत्यूची वेळ जाहीर करायची थिएटरमधली जुनी सवय. गावातल्या लोकांना वाटायचं की हा हिंदूंचा मंत्र आहे, आणि तेवढा वेळ ते टोप्या काढून उभे राहायचे.

इथवरचं सगळं मी मंडळात कितीदा तरी सांगितलंय आणि लोक हसलेत. पुढचं सांगत नाही.

रानात निम्म्याहून जास्त झाडं ॲशची होती. त्या झाडांना या देशात एक बुरशीचा रोग लागलाय. आधी पानं काळी पडतात, मग शेंड्याकडून फांद्या उघड्या पडत येतात, आणि लाकूड इतकं ठिसूळ होतं की वारा नसतानाही फांदी तुटून पडते. आडरानात झाड पडलं तर पडू दे. पण मधून पायवाट होती, शाळेतली मुलं जायची, आणि कुणाच्या डोक्यात फांदी पडली तर जबाबदारी मालकाची. त्या उन्हाळ्यात सरांनी दोनशे झाडं एकेक करून तपासली. मला एकदा सोबत नेलं. वॉर्डात राउंड घ्यावा तसे आम्ही फिरलो. ते दुर्बीण लावून शेंडा बघायचे, शेंडा किती उरलाय ते सांगायचे, मी वहीत लिहायची. जे पाडायचं त्याच्यावर नारिंगी रंगाचा पट्टा. सुनंदाताई गाडीत होत्या. मी काचेपाशी जाऊन वाकले तेव्हा मला त्यांचे गाल बसलेले दिसले. म्हटलं, ताई, बारीक झालात. त्या म्हणाल्या, हो गं, जेवणच जात नाही, उन्हाळ्यामुळे असेल. यॉर्कशायरचा उन्हाळा तो. मी नर्स असून मान हलवली आणि पुढच्या झाडाकडे गेले.

सप्टेंबरात निदान झालं. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. रिपोर्ट वाचायला सरांना दुसऱ्या डॉक्टरची गरज नव्हती.

त्याच महिन्यात पायवाटेच्या कडेची झाडं पाडायला कंत्राटदार येणार होता. आधीच ठरलेलं होतं, पक्ष्यांची घरटी रिकामी झाली होती आणि वादळी हिवाळ्याआधी ते व्हायला हवं होतं. ताई म्हणाल्या, जाऊ या. म्हणून सर त्यांना घेऊन गेले आणि चार दिवस ते दोघं गाडीत शेजारी शेजारी बसून मशीन झाडं पाडताना बघत राहिले. मी एक दिवस डबा घेऊन गेले होते. चाळीस वर्षांचं झाड खाली यायला मिनिटही लागत नव्हतं.  ताईंच्या मांडीवर शब्दकोडं होतं, पण पेन बंद होतं.

नोव्हेंबरात उपचार थांबवले आणि त्या हॉस्पिसमध्ये गेल्या. शेवटच्या दिवशी मी तिथे होते. श्वास थांबल्यावर सरांनी त्यांच्या मानेवर बोटं ठेवली, सवयीने मनगट वळवून घड्याळाकडे पाहिलं. ओठ हलले. पण वेळ काही त्यांनी उच्चारली नाही. तिथली नर्स वाट बघत थांबली होती, शेवटी तिने भिंतीवरचं घड्याळ बघून लिहून घेतलं.

मुलगा मेलबर्नहून आला, अंत्यविधी झाला, बारा दिवसांनी परत गेला. सर रोज रानात जायला लागले. मंडळातल्या लोकांना बरं वाटलं. मन रमतंय, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

मार्चमध्ये मला पोलिसांच्या परवाना खात्याकडून पत्र आलं. सरांच्या बंदूक परवान्याची पाच वर्षं संपत होती. नूतनीकरणाच्या अर्जावर, अर्जदाराला ओळखणारी जबाबदार व्यक्ती म्हणून त्यांनी माझं नाव दिलं होतं. गेल्या वेळी एका सर्जनमित्राचं दिलं होतं, तो आता पोर्तुगालला राहायला गेला होता. पत्रात लिहिलं होतं की अधिकारी आठवड्याभरात फोन करतील, अर्जदाराच्या स्वभावाबद्दल आणि प्रकृतीबद्दल मोकळेपणाने सांगावं.

मी शनिवारी रानात गेले. फाटकाशी टेड भेटला, त्याची मेंढी कुंपणात अडकली होती. त्याने स्वतःहूनच विषय काढला. म्हणाला, डॉक उजाडायच्या आत येतो, अंधार पडल्यावर जातो. एकटाच करवत चालवतो. करवतीचा आवाज येत असतो तोवर मला बरं वाटतं, आवाज थांबला की मी काहीतरी निमित्त काढून येऊन बघून जातो.

आत गेले आणि थबकले. पाडलेल्या ॲशची लाकडं कापून, फोडून, रचून ठेवली होती. भिंतीसारखी, माझ्या डोक्याएवढी उंच, ओळीमागून ओळ. तीन-चार माणसांचं दोन हिवाळ्यांचं काम एका सत्तरीच्या माणसाने चार महिन्यांत केलं होतं. ती लाकडं दहा घरांना पुरली असती. त्यांच्या स्वतःच्या घरात शेकोटीसुद्धा नव्हती.

सर एका ओंडक्यावर बसले होते. खूप वाळले होते. दाढी वाढलेली, आणि हात असे फाटलेले की मला बँडेज शोधावंसं वाटलं. थर्मासच्या झाकणात त्यांनी मला चहा दिला. मी विचारलं, जेवता का? हो. झोप येते का?

"भूलतज्ज्ञाला झोपेचं विचारता, सिस्टर?"

याच्या पुढचा प्रश्न मला पाठ आहे. आमच्या नोकरीत तो विचारायला शिकवतात. आडवळणाने नाही, सरळ शब्दांत विचारायचा असतो. अनोळखी माणसांना मी तो कितीदा तरी विचारला आहे, त्यांचा हात हातात घेऊन. सरांना नाही विचारू शकले. मी म्हटलं, थंडी आहे अजून.

मग तेच बोलले, माझ्याकडे न बघता. "दोनशे झाडांचे शेंडे तपासले मी. कुठल्या झाडात किती जीव उरलाय, वहीत लिहिलंय. बाजूच्या सीटवर बघितलं नाही."

मी सांगू शकले असते की सर, मी पण बघून पुढे गेले होते. तेही बोलले नाही. निघताना त्यांनी विचारलं, पत्र आलं का? म्हटलं, आलंय.

"खरं काय ते सांगा," ते म्हणाले आणि करवत उचलली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत फोन आला. मी चेंजिंग रूममध्ये लॉकरला टेकून उभी होते. परवाना खात्यातल्या बाईंचा आवाज मऊ होता, माझ्या मुलीच्या शाळेतल्या बाईंसारखा. कधीपासून ओळखता? दारू? राग? मी सगळ्याची उत्तरं दिली. मी म्हटलं, इतका काळजीपूर्वक बंदूक हाताळणारा माणूस तुमच्या यादीत दुसरा नसेल. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, अलीकडे आयुष्यात काही घडलंय? पत्नी गेल्याचं मी सांगितलं. ते त्यांना माहीत होतं. जीपीने लिहून दिलं होतं की अर्जदार ठीक आहेत, झोप व्यवस्थित आहे. अर्थातच. डॉक्टरने डॉक्टरला कसं सांगायचं हे सरांना कोण शिकवणार?

"आणि तुम्हाला स्वतःला काही काळजी वाटते का?" बाईंनी विचारलं.

बाजूला कुणीतरी पायात थिएटरचे क्लॉग्ज घालत होतं. मला वाटलं, नाही म्हणावं. पक्षी आणि खारी, एवढंच तर उरलंय त्यांना. एका फोनवर ते काढून घेणारी मी कोण?

"वाटते," मी म्हटलं. "सध्या त्यांच्या घरात बंदूक नसावी असं मला वाटतं."

बाईंनी का म्हणून विचारलं आणि मी सांगत गेले, लाकडाच्या भिंती, फाटलेले हात, टेड काय म्हणाला ते. सांगताना मला आपण चुगली करतोय असंच वाटत होतं. फोन ठेवल्यावर मी दुपारच्या लिस्टला उभी राहिले आणि एका साध्या हर्नियाच्या ऑपरेशनला सुया दोनदा मोजल्या.

त्याच संध्याकाळी पोलीस त्यांच्याकडे गेले आणि खारींसाठीची आणि शिकारीची, दोन्ही बंदुका घेऊन गेले. सरांच्याच गल्लीत मंडळाचे दोन सभासद राहतात, त्यामुळे रात्रीच्या जेवणाआधी सगळ्या लीड्सला कळलं. सबनीसांच्या दारात पोलिसांची गाडी. काय केलं असेल? मी केलं, हे कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, बिचाऱ्याचं तेवढं एकच होतं गं. त्याने ते रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

तीन आठवडे सरांचा फोन नाही. मीही केला नाही. रोज ठरवायची आणि रोज काहीतरी कारण निघायचं. शेवटी एप्रिलच्या एका शनिवारी दुपारी मी गाडी काढली. रस्ताभर वाक्य जुळवत होते.

सर पायवाटेच्या कडेला बसून कात्रीने काटेरी वेल छाटत होते. करवत दिसली नाही. दाढी केलेली होती. मला बघून त्यांनी आपल्या पोत्याची अर्धी बाजू झटकून बसायला जागा केली.

मी बसले आणि जुळवलेलं वाक्य सुरू केलं. "सर, तो फोन मी—"

"माहीत आहे."

"मला माफ करा."

त्यांनी कात्री खाली ठेवली, हातमोजे काढले, आणि एकात एक घालून ठेवले.

"टेडचं नाव देता आलं असतं," ते म्हणाले. "त्याने डोळे मिटून हो सांगितलं असतं. तो भला माणूस आहे. मंडळाच्या अध्यक्षांचं देता आलं असतं, त्यांनी मला पद्मश्री द्या म्हणून सांगितलं असतं. तुम्ही नाही म्हणाल, असं वाटलं. म्हणून तुमचं दिलं."

मी पोत्यावरचा एक काटा उचलून बाजूला टाकला.

"फेब्रुवारीत एक दिवस मी कपाट उघडलं," सर म्हणाले. आवाज अगदी साधा होता, पेशंटची हिस्टरी सांगतात तसा. "कशासाठी उघडलं ते मला कळत होतं. बंद केलं. किल्ली मागच्या बागेतल्या हॉलीच्या काटेरी झुडपात फेकून दिली. आणि मग दुपारभर गुडघ्यांवर बसून शोधली."

"सापडली?"

"सापडली. तेच तर झालं."

पायवाटेवरून एक बाई कुत्रं घेऊन गेली, हॅलो म्हणाली, सरही हॅलो म्हणाले. ती दिसेनाशी होईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी म्हटलं, "तुम्ही मला सरळ फोन करायचा होता, सर. कुठल्याही वेळी."

"फोन उचलला होता. दोन-तीनदा. काय म्हणायचं ते सुचेना." ते जरा हसल्यासारखे झाले. "चाळीस वर्षं दुसऱ्याला सांगत आलो, काही होणार नाही, मी इथेच आहे. उलट बाजूने बोलायचं असलं तर वाक्य कुठून सुरू करतात? मग तो फॉर्म आला. फॉर्म बरा वाटला, सिस्टर. त्यात त्याच्यासाठी रकाना होता."

मी त्यांचा हात धरला. चौदा वर्षं एका टेबलाच्या दोन बाजूंना उभे राहून आम्ही एकमेकांना कधी हात लावला नव्हता. भेगा भरत आल्या होत्या, तरी खरखरीत होता. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. मग मी तो प्रश्न विचारला, सरळ शब्दांत, जसा शिकवतात तसा. त्यांनी उत्तरही सरळ दिलं. आता रोज नाही, म्हणाले. कधीकधी. पोलिसांच्या त्या बाईंनीच त्यांच्या जीपीला परत कळवलं होतं आणि आता ते दर गुरुवारी एका समुपदेशक मुलीशी बोलायला जात होते. "नातीच्या वयाची आहे. पहिले दोन गुरुवार मी तिलाच भूलशास्त्र शिकवलं. तिसऱ्या गुरुवारी तिने मला गप्प केलं."

बंदुका परत मागायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं होतं. टेड खारींचं बघणार होता. लाकडं तो गावात वाटणार होता, ट्रॅक्टरने.

ऊन उतरायला लागलं तशी मी उठले. घरी स्वयंपाक व्हायचा होता, मुलीला क्लासहून आणायचं होतं. कपडे झटकून मी किल्ल्या शोधायला लागले.

"घाई आहे का?" सरांनी विचारलं.

मी म्हटलं, आहे थोडी.

"बरं," ते म्हणाले. कात्री उचलली, परत खाली ठेवली. "नाही, म्हटलं, अजून अर्धा तास बसला असता तर."

मी नवऱ्याला मेसेज केला, मुलीला तू आण. आणि बसले. सरांनी पोत्याची आपली बाजू थोडी माझ्याकडे सरकवली, जमीन ओली होती म्हणून.